व्यासपीठ आणि कापसाची गाठ

1859 च्या फेब्रुवारीत वॉरिंग्टनमधल्या काही बायकांनी एका परदेशी पाहुणीला घड्याळ भेट दिलं. वॉरिंग्टन हे लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं कारखान्यांचं गाव. इंग्लंडमधल्या तिच्या बहिणींकडून ही भेट आहे, असं त्या घड्याळावर कोरून घेतलं होतं. पाहुणीचं नाव सारा पार्कर रेमंड. ती अमेरिकेतल्या सेलम गावच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली होती. गोऱ्या बायकांनी आपल्याला बहीण मानलं हे आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय, असं तिनं तिथं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, 1853 मध्ये, ती बोस्टनच्या एका नाट्यगृहात ऑपेरा पाहायला गेली होती. तिकीट हातात होतं, तरी काळ्यांच्या गॅलरीत बसायला नकार दिला म्हणून तिला जिन्यावरून ढकलून देण्यात आलं. तिनं खटला भरला आणि पाचशे डॉलर भरपाई मिळवली. मग ती व्याख्याती झाली आणि समुद्र ओलांडून इंग्लंडला आली.

अमरावतीला इतिहास शिकवता शिकवता मी बरीच वर्षं वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं-मुली तयार केली. ‘वर्णद्वेष’ हा विषय दोन-तीन वर्षांआड यायचाच. मुलांची भाषणं ठरलेली असत: सगळ्यांचं रक्त लाल, सगळी लेकरं एकाच देवाची, मंडेला, गांधी, टाळ्या. मला ती ऐकताना तळमळ व्हायची. कारण हा विषय ज्यांनी जिवावर उदार होऊन गावोगाव मांडला, त्या माणसांची भाषणं अशी नव्हती. ती श्रोत्याला चांगलं वाग म्हणून विनवत नसत. तुझ्या अंगावरच्या सदऱ्यात, तुझ्या चर्चच्या तिजोरीत आणि तुझ्या व्यापारात हा अन्याय कुठून शिरला आहे, ते ती दाखवून देत. हा एकोणिसाव्या शतकातला रीतसर पेशा होता. त्याला संघटना होत्या, मानधन होतं, दौऱ्यांची वेळापत्रकं होती, दारात विकायच्या पुस्तिका होत्या आणि हात मोडण्याचा धोकाही होता.

हात मोडण्याचं शब्दशः म्हणते आहे. 16 सप्टेंबर 1843 ला इंडियाना राज्यातल्या पेंडलटनमध्ये गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस बोलायला उभा राहिला, तेव्हा जमावानं व्यासपीठावर हल्ला केला. त्या मारहाणीत त्याचा उजवा हात मोडला. हाड नीट बसलं नाही आणि त्या हाताची ताकद पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. तो तेव्हा एका मोठ्या दौऱ्यावर होता, शंभर सभा भरवायच्या असा त्या दौऱ्याचा संकल्पच होता. पाच वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी मंडळींनी व्याख्यानांसाठी स्वतःचं मोठं सभागृह बांधलं होतं, पेनसिल्व्हेनिया हॉल. कारण दुसरं कुणी त्यांना जागा देत नव्हतं. 14 मे 1838 ला ते उघडलं. 16 तारखेला गुलामगिरीविरोधी व्याख्याती अँजेलिना ग्रिम्के तिथं बोलत असताना खिडक्यांवर दगड येत होते, आणि ती बोलत राहिली. 17 तारखेच्या रात्री जमावानं सभागृह जाळलं. चार दिवसांची इमारत.

डग्लसची तयारी कुठे झाली, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायची. बाल्टिमोरमध्ये गुलाम असताना, बारा-तेरा वर्षांच्या वयात, त्यानं पन्नास सेंटला ‘द कोलंबियन ऑरेटर’ नावाचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं. शाळेतल्या मुलांना वक्तृत्व शिकवण्यासाठी काढलेला तो उताऱ्यांचा संग्रह. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातला एक संवाद आहे. गुलाम इतका चोख युक्तिवाद करतो की शेवटी मालक त्याला मुक्त करतो. गुलामाला वाचायला शिकवणं हाच जिथे अपराध मानला जाई, तिथे या मुलानं वक्तृत्वाचं पुस्तक जवळ लपवून ठेवलं. 1838 मध्ये तो पळाला. 1841 च्या ऑगस्टमध्ये नँटकेट बेटावरच्या सभेत तो पहिल्यांदा गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनं त्याला पगारी व्याख्याता नेमलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या पेशातली सगळ्यात बोचरी गोष्ट इथेच आहे. त्याचे गोरे सहकारी त्याला सांगत: तू फक्त घडलेलं सांग, तत्त्वज्ञान आमच्यावर सोड. बोलण्यात थोडी मळ्यावरची बोली राहू दे, फार शिकलेला वाटू नकोस. पाठीवरचे वळ लोकांना हवे होते, डोक्यातला विचार नको होता. आणि हे सांगणारे शत्रू नव्हते, त्याच चळवळीतले मित्र होते. डग्लसनं ऐकलं नाही. तो वाचत गेला, बोलणं घासत गेला. मग लोक कुजबुजू लागले, हा गुलाम असूच शकत नाही. तेव्हा त्यानं 1845 मध्ये आत्मचरित्र छापलं. त्यात मालकाचं नाव, गाव, परगणा सगळं होतं. ते छापल्यामुळे तो खरा ठरला आणि त्याच वेळी पकडला जाण्याच्या टप्प्यातही आला, कारण कायद्यानं तो अजून थॉमस ऑल्डची मालमत्ता होता. दुःखाचा पुरावा देण्याची सक्ती नेहमी ज्याला दुःख झालं त्याच्यावरच असते. आपल्याकडेही ज्यानं जातीचे चटके सोसले त्याच्याकडेच आधी दाखला मागितला जातो.

16 ऑगस्ट 1845 ला तो ‘केंब्रिया’ जहाजानं बोस्टनहून निघाला. केबिनमध्ये जागा नाकारली गेली, प्रवास खालच्या वर्गातून झाला. शेवटच्या टप्प्यात कप्तान जडकिन्सनं त्याला डेकवर बोलायला बोलावलं, तेव्हा गुलामगिरीच्या बाजूच्या काही प्रवाशांनी त्याला समुद्रात फेकण्याची भाषा केली. बेड्या घालीन, असा दम कप्तानानं त्यांना भरला. मग डब्लिन. तिथं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या रिचर्ड वेब या छापखानदारानं त्याच्या पुस्तकाची आयरिश आवृत्ती काढली, आणि दौऱ्याचा खर्च त्या पुस्तकाच्या विक्रीतून बराचसा निघत गेला. वक्ता बोलणार आणि दाराशी त्याचं पुस्तक विकलं जाणार, ही या पेशाची आर्थिक चौकट होती. 29 सप्टेंबरला कन्सिलिएशन हॉलमध्ये त्यानं डॅनियल ओकॉनेलला ऐकलं. आयर्लंडच्या हक्कांसाठी लढणारा हा म्हातारा पुढारी अमेरिकेतल्या गुलामगिरीवरही तितक्याच त्वेषानं बोलत असे, अमेरिकेतून येणाऱ्या देणग्यांना धक्का बसेल याची पर्वा न करता. त्याच शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजायला लागलं होतं. डग्लसनं तिथलं दारिद्र्य डोळ्यांनी पाहिलं, त्याबद्दल लिहिलं. आयरिश गरिबांच्या विलापगीतांत त्याला मळ्यावरच्या गाण्यांचा सूर ऐकू आला. पण उपाशी माणूस आणि विकला जाणारा माणूस या दोन स्थिती तो एक मानत नसे. दोन्हींबद्दल कळवळा ठेवून तो फरक ठामपणे सांगे. दुसऱ्या समाजापुढे बोलताना ‘तुमचं आमचं सारखंच’ म्हणण्याचा मोह फार असतो, आणि तो आवरणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

खरं नाट्य झालं स्कॉटलंडमध्ये. 1843 साली तिथल्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च स्थापन झालं होतं. नव्या चर्चला पैसे हवे होते. 1844 मध्ये त्यांचं शिष्टमंडळ अमेरिकेत गेलं आणि दक्षिणेतल्या गुलाम बाळगणाऱ्या लोकांकडूनही देणग्या घेऊन आलं. तिकडून आलेली रक्कम सुमारे तीन हजार पौंड धरली जाई. 1846 मध्ये डग्लस डंडी, पेझली, एडिंबरा असा फिरला आणि प्रत्येक सभेत एकच मागणी करत राहिला: तो पैसा परत पाठवा. सभेतले लोक त्याच्यामागून तेच ओरडू लागले. एडिंबरातल्या सॉल्सबरी क्रॅग्जच्या गवतात ते शब्द कोरले गेले. अमेरिकेतली गुलामगिरी वाईट आहे हे स्कॉटलंडमध्ये आधीही सगळ्यांना मान्य होतं, त्यासाठी कुणाला काही सोडावं लागत नव्हतं. डग्लसनं प्रश्न त्यांच्या देवळात आणून ठेवला. हा दगड कुणाच्या पैशाचा, ही खिडकी कुणाला विकून आलेल्या पैशांतून, असं तो विचारू लागला आणि ज्यांना कालपर्यंत सहज मान्य होतं ते चिडले. चर्चनं पैसे परत केले नाहीत, हेही सांगायला हवं. पण गावोगावच्या माणसांनी आपल्याच चर्चच्या पुढाऱ्यांना उभं करून जाब विचारला.

त्याच वर्षी न्यूकॅसलच्या ॲना आणि एलन रिचर्डसन या क्वेकर बायकांनी दीडशे पौंड जमवून डग्लसचं स्वातंत्र्य विकत घेतलं. अमेरिकन चलनात ती रक्कम होती 711 डॉलर 66 सेंट. माणसाची किंमत मोजणं म्हणजे ती मान्य करणं, अशी टीका चळवळीतल्या काही तत्त्वनिष्ठांनी केली. मला ती टीका मान्य नाही. ज्यांना रोज पकडलं जाण्याची भीती नव्हती, त्यांनीच ती केली. 1847 च्या वसंतात तो त्याच ‘केंब्रिया’नं परतला. वरच्या वर्गाचे पैसे भरलेले असूनही त्याला इतर प्रवाशांपासून वेगळं ठेवण्यात आलं. या वेळी मात्र इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत इतकी ओरड झाली की जहाज कंपनीच्या मालकाला, सॅम्युएल कनार्डला, जाहीर खेद व्यक्त करावा लागला. दीड वर्षाच्या व्याख्यानांनी काय बदललं, याचं हे एक मोजता येणारं माप.

डग्लससारखे इतरही बरेच आले. मोझेस रोपर सभेत साखळ्या आणि चाबूक दाखवत असे. हेन्री ‘बॉक्स’ ब्राउननं 1849 मध्ये स्वतःला लाकडी खोक्यात भरून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलनं पाठवलं होतं. सत्तावीस तास तो त्या खोक्यात होता. नंतर तो इंग्लंडभर एक भलंमोठं गुंडाळीचं चित्र उलगडत बोलत फिरला. 1851 मध्ये तर ब्रॅडफर्डहून लीड्सला तो पुन्हा खोक्यात बसून गेला. एलन क्राफ्ट गोऱ्या मळेवाल्याचा पुरुषवेष घालून, नवऱ्याला आपला नोकर म्हणवून पळाली होती. सभेत बहुतेक वेळा नवरा बोले आणि ती व्यासपीठावर बसून राही. रेमंड आली ती या सगळ्यांनंतर, आणि ती स्वतः बोलली, स्त्री म्हणून स्त्रियांपुढे, आणि मग गिरणी कामगारांपुढे.

मँचेस्टरमध्ये तिनं कापसाचा हिशेब मांडला. तुमच्या या शहराची भरभराट ज्या रुईवर चालते, ती पिकवणाऱ्यांच्या हातात त्यातला एक छदामही पडत नाही, असं तिनं त्या शहरातच उभं राहून सांगितलं. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येक सूत कातणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या बोटांना त्या मळ्यांतला कापूस लागलेला होता.

इथून ही गोष्ट माझ्या गावापर्यंत येते. माझे आजोबा खामगावला एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मुनीम होते. सरकी, रुई, गाठी, अडत आणि हर्रासीचे भाव या शब्दांत आमचं घर वाढलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातल्या, गिरण्या बंद पडू लागल्या. कापूस कुठून आणायचा? खानदेश, वऱ्हाड, गुजरात. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. भाव चढत गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदसारख्या व्यापाऱ्यांचं राज्य आलं, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. आमच्या भागातल्या जुन्या लोकांच्या तोंडी ही तेजी दंतकथेसारखी होती. चांदीची वाहनं, बैलांच्या गळ्यात चांदी, असं काहीबाही लहानपणी आम्ही ऐकत असू. त्या तेजीचं दुसरं टोक लँकेशायरच्या चुलीत होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे लाखो माणसं बेकार झाली. उत्तरेनं बंदरं अडवली म्हणून उपासमार आली, तेव्हा दक्षिणेला मान्यता देऊन कापूस मोकळा करा, असं म्हणणारेही पुष्कळ होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा ओढा दक्षिणेकडे होता, गिरण्यांच्या काही गावांतही तीच भावना होती. सगळे कामगार एका बाजूला होते असं रंगवणं खोटं ठरेल. पण 31 डिसेंबर 1862 ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची मोठी सभा भरली आणि तिनं राष्ट्राध्यक्ष लिंकनला पत्र लिहून उत्तरेला, म्हणजे स्वतःच्या उपाशीपणाला कारण झालेल्या बाजूला, पाठिंबा दिला. लिंकननं 19 जानेवारी 1863 ला उत्तर लिहिलं. फेब्रुवारीत ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ नावाचं जहाज अमेरिकेतून पीठ आणि इतर मदत घेऊन लिव्हरपूलला लागलं. माझी पुतणी मँचेस्टरला राहते. तिच्याबरोबर मी लिंकनचा तिथला पुतळा पाहिला, चौथऱ्यावर त्या पत्रातला मजकूर कोरलेला आहे. मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. वीस वर्षं गावोगाव झालेल्या व्याख्यानांशिवाय ती सभा तशी झाली असती, असं मला वाटत नाही. हे सिद्ध करता येणार नाही, पण माझं मत पक्कं आहे.

मुंबईनं त्या युद्धात भाव पाहिला. पुण्यातल्या एका माणसानं वेगळंच पाहिलं. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना हा कित्ता गिरवावा, अशी आशा तिथं व्यक्त केली. समुद्रापलीकडच्या सभागृहांतल्या हजारो भाषणांचं जे फळ होतं, ते त्यांनी आपल्या लोकांच्या मुक्तीशी जोडलं, आणि तेही त्या तेजीचा पैसा वाहून गेल्यावर आठच वर्षांनी.

शेवटची व्याख्याती आयडा बी. वेल्स, आणि तिची गोष्टही कापसानंच वळते. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण दक्षिणेत झुंडी जमून काळ्या माणसांना ठार मारत होत्या. याला लिंचिंग म्हणत. 9 मार्च 1892 ला मेम्फिसमध्ये थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना असं मारलं. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करत होतं. मॉस हा वेल्सचा जवळचा मित्र. तिनं आपल्या ‘फ्री स्पीच’ वर्तमानपत्रात लिहिलं, आणि मे महिन्यात ती बाहेरगावी असताना जमावानं कचेरी मोडून टाकली. परतलीस तर मारू, असा निरोप आला. ती परतली नाही.

इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या स्ट्रीट गावात कॅथरिन इंपी नावाची क्वेकर बाई 1888 पासून ‘अँटी-कास्ट’ नावाचं छोटं मासिक चालवत होती. तिनं आणि ॲबर्डीनच्या इझाबेला मेयो यांनी 1893 मध्ये वेल्सला बोलावलं. दौरा रंगात आला असताना दोघी यजमानिणींत बिनसलं. इंपीनं सिलोनहून शिकायला आलेल्या एका तरुणाला प्रेमपत्र लिहिलं होतं, ते मेयोबाईंच्या हाती लागलं. त्यांना ते सहन झालं नाही. वेल्सनं इंपीची साथ सोडावी, असा त्यांनी हट्ट धरला. वेल्सनं सोडली नाही, आणि दौरा आखडता घ्यावा लागला. समतेसाठी पदरमोड करणाऱ्या माणसांतही असं होतं. म्हणून काम थांबत नाही. 1894 मध्ये ती पुन्हा आली.

तिची पद्धत मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती स्वतःच्या दुःखावर बोलतच नसे म्हटलं तरी चालेल. ती दक्षिणेतल्या गोऱ्यांची वर्तमानपत्रं आणि ‘शिकागो ट्रिब्यून’नं छापलेले आकडे वाचून दाखवी. तारीख, गाव, नाव, आरोप. शत्रूच्याच छापील शब्दांना खोटं कोण म्हणणार? लिव्हरपूलच्या पेंब्रोक चॅपेलचे धर्मोपदेशक चार्ल्स एकेड यांचा आधी तिच्यावर विश्वास बसला नव्हता. 1893 मध्ये ते शिकागोचं जागतिक प्रदर्शन पाहायला गेले आणि केंटकीतल्या बार्डवेल गावातल्या लिंचिंगची बातमी त्यांनी तिथल्याच वर्तमानपत्रांत वाचली. 1894 च्या दौऱ्यात त्यांनी आपलं चॅपेल तिला बोलायला मोकळं केलं. मेम्फिसच्या एका वर्तमानपत्रानं तिच्याबद्दल अत्यंत घाणेरडा मजकूर लिहिला आणि त्याच्या प्रती इंग्लंडला पोचवल्या. इंग्लंडच्या संपादकांना तो वाचून किळस आली आणि तिला नव्यानं श्रोते मिळाले. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लिंचिंगविरोधी समिती स्थापन झाली.

मेम्फिस हे कापसाच्या व्यापाराचं शहर, आणि त्याचं गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये. 1894 च्या ऑगस्टअखेर त्या शहराजवळ पुन्हा सहा काळ्या माणसांना मारलं गेलं. या वेळी शहरातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनीच सभा घेऊन निषेध केला आणि मृतांच्या विधवांसाठी पैसे गोळा केले. दोन वर्षांपूर्वी तीन माणसं मेली तेव्हा हे लोक गप्प होते. त्यांची मनं दोन वर्षांत निर्मळ झाली, असं मी म्हणणार नाही. लँकेशायरचे व्यापारी काय विचारतील ही भीती होती, आणि मला ती भीतीही चालते. पुढची दोन दशकं मेम्फिस शहरात लिंचिंग झालं नाही. 1917 मध्ये मात्र ते पुन्हा झालं, आणि हजारोंची गर्दी ते पाहायला जमली.

डग्लसनं म्हातारपणी वेल्सच्या पहिल्या पुस्तिकेसाठी पत्र लिहून दिलं होतं. 20 फेब्रुवारी 1895 ला तो गेला. त्याच वर्षी तिनं ‘अ रेड रेकॉर्ड’ हे पुस्तक काढलं. व्यासपीठावरून जे वाचून दाखवायची ते सगळं त्यात आहे: वर्षवार याद्या, मृतांची नावं, गावं, लावलेले आरोप. कुणाही खेड्यातल्या शिक्षकानं, पाद्र्यानं किंवा गृहिणीनं ते हातात घ्यावं, शेजाऱ्यांना बोलवावं आणि उभं राहून मोठ्यानं वाचावं, अशी ती रचना आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यातली पानं मराठीत करून द्यायची आणि पहिल्या दिवशी एकच काम सांगायची: ही यादी शेवटपर्यंत वाचा, आवाज न चढवता, एकही नाव न गाळता.